नव्वद अंश

आज मंगळवार, लेस्या येणार.
तिच्या पिशवीत तो प्लास्टिकचा कोनमापक,
शाळेच्या कंपासपेटीतून निसटून मोठा झाल्यासारखा.
आदेलीनो सकाळी सातपासून दाढी करून बसलाय.
गुडघ्याला बाशिंग, म्हटलं मी,
तर हसला नाही. हसलं की टाके ओढतात म्हणे.
टाके पायात आहेत, बाबा, ओठांत नाहीत.

पहिल्या आठवड्यात बहात्तर.
दुसऱ्यात एकोणऐंशी.
नव्वद झाले की खुर्चीतून सरळ उठेल,
त्याच्या वर गेले की जिना सोपा.
तेव्हापासून शेजारीण इर्मेलिंदा
दारातूनच विचारते, आज किती?
जणू याला ताप आलाय
आणि तो वाढावा म्हणून आम्ही नवस बोललोय.

फ्रीझरमध्ये सार्डिनच्या शेजारी
वाटाण्याच्या दोन पिशव्या.
त्यांवर मी मार्करने लिहिलंय: गुडघा. खायचे नाहीत.
जावयाने तरीही एकदा भातात घातले.
चांगले शिजले होते.

रात्री नऊला पोटात सुई, रक्त गोठू नये म्हणून.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात
याला टोचायची परवानगी मला पहिल्यांदाच,
तीही डॉक्टरांच्या सहीने.
गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही,
ठेवायची तर टाचेखाली.
जिथे सुख हवं तिथे देऊ नका,
असं काहीतरी शास्त्र असावं.
तीन वाजता तो अंधारात बोलतो:
आत कोणीतरी फरशी बसवतंय,
आणि हातोडा चुकीचा धरलाय.

त्याला कळणार.
छत्तीस वर्षं सेतुबालचे पदपथ याने बसवले,
पांढरा चुनखडक, काळा बसाल्ट,
मुठीएवढा दगड तळहातावर फिरवायचा,
दोन घाव, की तो जागेवर.
गुडघे टेकले म्हणजे हरला, म्हणतात लोक.
हा रोज सकाळी आठला टेकायचा
आणि संध्याकाळपर्यंत
गल्लीचा एक तुकडा जिंकलेला असायचा.
गुडघ्यांना बांधलेल्या रबराच्या गाद्या
अजून बाल्कनीत लटकतात. टाकू देत नाही.

सर्जनला त्याने एकच प्रश्न विचारला होता,
किती दिवस नाही, दुखेल का नाही,
पुन्हा टेकता येईल का?
टेकता येईल, सर्जन म्हणाले, पण आवडणार नाही.
परतताना गाडीत तो गप्प होता.
मग म्हणाला, आधी तरी कुठे आवडत होतं.

लेस्या आली. हात गार, म्हणून आधी चोळून घेते.
वाक, अजून, श्वास सोड, अजून.
तो भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघतो,
मी त्याच्या मानेवरच्या शिरेकडे.
अठ्ठ्याऐंशी.
नव्वद म्हण ना, तो म्हणतो, कोण बघतंय?
ती म्हणते, तुम्ही दगड असा बसवला असता?
यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
लिहा अठ्ठ्याऐंशी.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी खाली उतरलो.
बेचाळीस पायऱ्या. वाईट पाय आधी, मग चांगला,
मी त्याच्या पुढे, एक पायरी खाली,
पडला तर माझ्यावर पडावा म्हणून,
जणू मी काही गादी आहे.
मधल्या वळणावर कटकन आवाज झाला.
थांबला. तुझा की माझा?
तुझा, म्हटलं मी. धातूचा आहे, ऐक ना.

खाली उन्हात उभं राहून
त्याने कुबडीच्या टोकाने एक दगड दाबून पाहिला.
हलत होता. कोणाचं काम हे, म्हणून पुटपुटला
आणि नाव आठवत बसला.

रात्री तो घोरू लागल्यावर
मी वाटाण्याची दुसरी पिशवी काढली,
स्वयंपाकघरात दिवा न लावता
खुर्चीवर बसले, पाय स्टुलावर.
उजवा. त्याला अजून सांगितलेलं नाही.